तुम्ही वाचलं होतं का, बाई?

सोमवारी सकाळी शाळेचे शिपाई मामा धावतच मुख्याध्यापिकेच्या, म्हणजे माझ्या, खोलीत आले. "बाई, मागच्या भिंतीवर कोणीतरी लिहून ठेवलंय. तुम्ही चला." मागच्या अंगाला पाण्याच्या नळांची ओळ होती. तिच्या बरोबर वर, हात पोचेल तेवढ्या उंचीवर, काळ्या स्प्रेने एका समाजाचं नाव लिहिलेलं होतं आणि त्यापुढे दोन शब्द. ते दोन शब्द मी इथे लिहिणार नाही. मी बोट लावून पाहिलं, रंग वाळलेला होता. शेवटच्या अक्षराचा एक ओघळ थेट नळाच्या तोटीपर्यंत उतरला होता.

शाळा भरायला पाऊण तास होता. कोठीत आधीच्या रंगकामातला डिस्टेंपर उरला होता, तो मामांनी काढला. एक ब्रश त्यांच्या हातात, एक माझ्या. दोन हात मारून झाले आणि पहिली घंटा झाली तेव्हा भिंत स्वच्छ होती. शिक्षकांना बोलावून सांगितलं की मुलांसमोर विषय काढू नका, बोललं की असल्या गोष्टी वाढतात. त्या दिवशी घरी जाताना मला खरोखर वाटत होतं की आपण प्रसंग नीट निभावला.

तिसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गशिक्षिका सांगायला आल्या, की एक मुलगी मधल्या सुट्टीत नळावर जात नाही. घरून बाटली आणते, ती संपली की तहानलेली बसून राहते. मी तिला बोलावून घेतलं. बराच वेळ ती पायांकडे बघत उभी राहिली आणि मग म्हणाली, "तिथे ओलं झालं की दिसतं." मला काही कळेना. मी तिच्याबरोबर नळापाशी गेले. नळ सोडला की शिंतोडे भिंतीवर उडायचे, नवा रंग पाणी प्यायचा, आणि त्याच्याआडून काळी अक्षरं हळूहळू वर यायची. समाजाचं नाव पूर्ण वाचता येत होतं. ते तिच्या समाजाचं नाव होतं.

सोमवारी वडील तिला लवकर सोडायला आले होते. मागच्या रस्त्यावरून येताना दोघांनीही ते पाहिलं होतं, बहुधा मामांच्या आणि माझ्याही आधी. वडील एवढंच म्हणाले होते, "चल, आत जा."

मग तिने मला विचारलं, "तुम्ही वाचलं होतं का, बाई?"

या गोष्टीला वीसेक वर्षं होऊन गेली. नंतर मी आणखी दोन शाळांची मुख्याध्यापिका झाले, निवृत्तही झाले. पण द्वेष पसरवणारे गट आणि शाळा हा विषय निघाला की मला आधी तो प्रश्न आठवतो. कारण मी हो म्हटलं असतं तर त्याचा अर्थ होत होता की बाईंनी वाचलं आणि त्या गप्प बसल्या. नाही म्हटलं असतं तर ते खोटं होतं. त्या तीन दिवसांत माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता, हे कोणी लिहिलं? हे कोणी वाचलं, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं.

तसं बघितलं तर आमच्या भागात त्या वर्षी काय चाललंय हे मला ठाऊक होतं. एक गट हातपाय पसरत होता. संध्याकाळी मुलांना मैदानावर गोळा करायचे, खेळायला साहित्य द्यायचे, थोरली मुलं धाकट्यांची काळजी घ्यायची. पत्रकं यायची, त्यात अमुक लोक आपल्या मुळावर उठलेत असा मजकूर असायचा. मी ती पत्रकं फाटकाबाहेर वाटताना पाहिली होती आणि फाटकाबाहेरचं आपलं नाही असं म्हणून आत आले होते. शाळेची भिंत आपली आणि रस्ता दुसऱ्या कोणाचा, ही समजूत किती खोटी आहे हे कळायला ती भिंत लागली.

अमेरिकेत मोंटाना राज्यात बिलिंग्ज नावाचं शहर आहे. 1993 च्या डिसेंबरमध्ये तिथल्या एका ज्यू घराच्या खिडकीतून दगड आत आला. खोली एका लहान मुलाची होती आणि खिडकीत हनुकाच्या सणाचा मेनोरा, म्हणजे दिव्यांचं झाड, लावलेलं होतं. त्याआधी बरेच महिने शहरात वर्णवर्चस्ववादी टोळकी पत्रकं वाटत होती, थडगी पाडत होती. तिथले पोलीसप्रमुख वेन इनमन आधी पोर्टलंडमध्ये नोकरीला होते. तिथे 1988 मध्ये अशाच टोळक्याने एका इथिओपियन विद्यार्थ्याचा जीव घेतला होता. त्यामुळे त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं, की समाज गप्प बसला तर हे लोक त्याला संमती समजतात. पुढे स्थानिक वर्तमानपत्राने पानभर मेनोराचं चित्र छापलं आणि हजारो ख्रिस्ती घरांनी ते आपापल्या खिडकीत लावलं. ही गोष्ट बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते. तिच्यातला शाळेचा भाग मात्र लोक पटकन ओलांडून जातात. तिथल्या कॅथलिक हायस्कूलने आपल्या दर्शनी फलकावर ज्यू मित्रांना हनुकाच्या शुभेच्छा दिल्या होत्या आणि त्यासाठी शाळेवर गोळ्या झाडल्या गेल्या. मला त्या शाळेच्या प्रमुखांचं नाव माहीत नाही. पण रोजच्या सूचना लावायच्या फलकावर ही ओळ लावा, असं सांगणाऱ्या त्या माणसाचा हेवा वाटतो. किती साधी जागा निवडली! येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक मुलाने ती वाचली असणार.

चौथ्या दिवशी मी सगळ्या शाळेला मैदानावर उभं केलं. आदल्या रात्री भाषण लिहायला बसले, चार पानं झाली, सगळी बंधुभावाची. सकाळी ती घरीच ठेवली. मुलांना सांगितलं, की सोमवारी आपल्या भिंतीवर आपल्यातल्या काही मुलांच्या समाजाबद्दल घाणेरडं लिहिलेलं होतं. मी ते वाचलं. मी ते पुसलं आणि तुमच्याशी बोलले नाही, ही माझी चूक झाली. ज्यांच्याबद्दल ते लिहिलं होतं ती मुलं या शाळेची आहेत. त्यांना इथे येण्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही. ज्याला हे चालत नसेल त्याने माझ्याशी येऊन बोलावं, त्यांच्याशी नाही. सगळं मिळून तीन मिनिटं झाली असतील. माझे हात थरथरत होते, म्हणून मी ते मागे धरले होते.

2017 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीच्या पूर्वतयारी शाळेत पाच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या दारांवरच्या फळ्यांवर वर्णद्वेषी मजकूर लिहिलेला सापडला. अकादमीचे प्रमुख लेफ्टनंट जनरल जे सिल्व्हेरिया यांना येऊन जेमतेम दीड महिना झाला होता. त्यांनी सुमारे चार हजार कॅडेटना भोजनगृहात उभं केलं, सगळा शिक्षकवर्ग आणि अधिकारी बाजूला उभे केले, आणि पाच मिनिटं बोलले. दुसऱ्याला सन्मानाने वागवता येत नसेल तर इथून चालते व्हा, हा त्याचा गाभा होता. आपापले फोन काढा आणि हे रेकॉर्ड करून ठेवा, असंही त्यांनी सांगितलं. ते भाषण मी नंतर कितीतरी वेळा ऐकलं. एक गोष्ट लक्षात आली. ज्यांनी लिहिलं त्यांच्याकडे त्यांचं बोलणं फार थोडं होतं, बहुतेक सगळं बाकीच्यांसाठी होतं.

पुढे नोव्हेंबरमध्ये चौकशीत निघालं, की ज्यांच्या दारांवर मजकूर होता त्यांच्यापैकीच एकाने तो लिहिला होता. अनेकांना वाटलं, फजिती झाली, भाषण वाया गेलं. मला तसं वाटत नाही. लिहिणारा कोण हे बदललं. पण ते वाचून ज्याच्या पोटात गोळा आला असेल त्या कॅडेटला आपला प्रमुख कुठे उभा आहे हे समजलं, ते बदलत नाही. सिल्व्हेरिया यांनीही आपले शब्द मागे घेतले नाहीत. चौकशी पूर्ण होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, हा सल्ला वकील देतात आणि त्यांच्या जागी तो बरोबरही असतो. पण गुन्हेगार कोण हे जाहीर करणं वेगळं आणि आपण कोणाच्या बाजूला आहोत हे सांगणं वेगळं. पहिल्यासाठी थांबावंच लागतं. दुसऱ्यासाठी कशाला थांबायचं?

मैदानावरच्या त्या तीन मिनिटांनंतर शिक्षकखोलीत जे झालं ते मला भाषणापेक्षा जड गेलं. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "बाई, शाळेने तटस्थ असावं. दोन्ही बाजूंची मुलं आपलीच." वाक्य ऐकायला सरळ आहे आणि ते म्हणणारे गृहस्थ सज्जन होते. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. आज द्यायचं झालं तर मी अमेरिकेतल्या लिटल रॉक शहराची गोष्ट सांगेन. 1957 मध्ये तिथल्या गोऱ्यांच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलं दाखल झाली तेव्हा त्यांच्या रक्षणासाठी बाहेर लष्कर होतं, त्याची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात. आत वर्षभर काय चाललं होतं त्याची छायाचित्रं नाहीत. धक्के, थुंकणं, जिन्यावरून ढकलणं. कोणा मोठ्या माणसाने डोळ्यांनी पाहिलं नसेल तर तक्रारीला बहुधा किंमत नव्हती. डिसेंबरमध्ये मिनिजीन ब्राऊन या मुलीची वाट अडवत मुलं खुर्च्या पुढे सरकवत होती, तेव्हा तिच्या ट्रेमधला वाडगा दोन मुलांच्या अंगावर गेला. तिला निलंबित केलं. फेब्रुवारीत तिला त्रास देणाऱ्या मुलींना ती उलटून बोलली आणि शाळेतून काढली गेली. मग गोऱ्या मुलांमध्ये छापील कार्डं फिरली, 'एक गेली, आठ उरले.' शाळेने नियम सगळ्यांना सारखा लावला होता. त्याची पावती कोणी कोणाला दिली, ते त्या कार्डावर छापलेलं होतं.

तरीही त्या सहकाऱ्यांच्या म्हणण्यातली एक भीती खरी आहे आणि ती मी झटकून टाकू इच्छित नाही. मुख्याध्यापकाच्या हातात बंदीचं हत्यार आलं की तो ते कशावरही चालवू शकतो. 1965 मध्ये डे मॉइन शहरातल्या मुलांनी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधात दंडाला काळी फीत बांधली आणि शाळेने त्यांना घरी पाठवलं. 1969 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी निकाल दिला, की शाळेच्या फाटकात विद्यार्थ्यांचं अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य संपत नाही. त्यामुळे बंदी घालायची तर शाळेच्या कामात खरोखर अडथळा येतो किंवा दुसऱ्यांच्या हक्कांवर गदा येते, एवढं दाखवता आलं पाहिजे. मला हा निकाल अडचणीचा वाटत नाही, आधाराचा वाटतो. न आवडणारं मत आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीला उद्देशून दिलेली धमकी यांत फरक करता येणं, हेच तर आमचं काम.

आता भिंतीवर लिहिणाऱ्या मुलाकडे येते. लिहिणारे दोघे निघाले, त्यातला एक आमचा, नववीतला. अभ्यासात बरा, बोलायला कमी. वर्गात त्याला कोणी त्रास दिला नव्हता, पण खेळात कोणी घेतही नव्हतं, हे मला नंतर कळलं. मी रागाने पेटले होते. पालकांना बोलावलं, दोन आठवडे शाळेत येऊ नको म्हणून सांगितलं. तो दप्तर घेऊन फाटकाबाहेर पडला तेव्हा मी खिडकीत उभी होते. बाहेर मोटारसायकलवर दोन तरुण थांबलेले होते. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला, एकाने त्याचं दप्तर घेतलं. तो हसला. चार वर्षांत मी त्या मुलाला शाळेत हसताना पाहिलं नव्हतं.

मुलाला दोन आठवड्यांची मोकळीक देऊन मी त्याला त्यांच्या हवाली केलं होतं.

हे गट मुलांपर्यंत कसे पोचतात ते बघितलं तर त्यांची चिकाटी पाहून अंगावर काटा येतो. 2004 मध्ये जर्मनीत नवनाझींनी एक योजना आखली, नाव होतं 'शाळेचं अंगण'. पन्नास हजार सीडी छापायच्या आणि शाळांबाहेर फुकट वाटायच्या. रॉक संगीत, तरुण आवाज, आणि मध्ये हळूच पेरलेला द्वेष. न्यायालयाने जप्तीचा आदेश काढला म्हणून ती अडली, तर त्याच वर्षी एका अतिउजव्या पक्षाने स्वतःची सीडी काढून निवडणुकीत वाटली. पोरांना आधी गाणं द्यायचं, सोबत द्यायची, खांद्यावर हात द्यायचा, विचार मागाहून. म्हणजे त्या नववीतल्या मुलानेही भिंतीवर लिहिण्याआधी कुठेतरी काहीतरी वाचलं होतं, कोणीतरी त्याला जवळ बसवून वाचायला दिलं होतं. हे कोणी वाचलं, या प्रश्नात तोही येतो, हे समजायला मला फार उशीर झाला.

स्वीडनमधल्या कुंगेल्व या परिसरात 1995 च्या ऑगस्टमध्ये एका तळ्याकाठी चौदा वर्षांच्या मुलाला नवनाझी पोरांनी छळ करून मारलं. मारणारेही किशोरवयीन होते, त्याच भागातले, तिथल्याच शाळांतून शिकलेले. तिथल्या क्रिस्टर माटसन नावाच्या शिक्षकाने पुढे जे काम उभं केलं ते मी माझ्या शेवटच्या शाळेत शिक्षकांना अनेकदा सांगितलं. त्यांनी बिघडलेल्या मुलांचा वेगळा वर्ग केला नाही. तसं केलं की ती मुलं एकमेकांना आणखी घट्ट धरतात. त्यांनी एका इयत्तेतली निरनिराळी मुलं निवडली. त्या गटांच्या वाटेवर निघालेली, ज्यांच्याबद्दल द्वेष होता ती, आणि या कशातच नसलेली. त्यांना महिनोन्महिने एकत्र शिकवलं, हातांनी करायची कामं दिली, आणि शेवटी पोलंडमधल्या नाझी छळछावण्यांच्या स्मारकांना नेलं. यात एकाही मुलाला 'तू चुकीचा आहेस' म्हणून आधी उभं केलेलं नाही. त्याला दुसरी सोबत दिलेली आहे. ज्या शिक्षेनंतर मुलाला परत यायला जागा उरत नाही ती शिक्षा देताना मुख्याध्यापकाने फाटकाबाहेर कोण थांबलंय ते आधी बघावं. निलंबन करूच नये असं मी म्हणत नाही. त्या मुलीच्या डोळ्यांसमोरून त्याला काही दिवस हटवणं गरजेचं होतं. पण त्या चौदा दिवसांत त्याच्या घरी कोण जाणार होतं, हे मी ठरवलं नव्हतं.

आणि या सगळ्यात खुद्द मुख्याध्यापकाचं काय होतं? क्लिंटनच्या डी. जे. ब्रिटन यांचा विचार मी अनेकदा करते. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातलं हे छोटंसं गाव, आणि ब्रिटन तिथल्या हायस्कूलचे मुख्याध्यापक. 1956 च्या ऑगस्टअखेर न्यायालयाच्या आदेशाने बारा कृष्णवर्णीय विद्यार्थी तिथल्या गोऱ्यांच्या हायस्कूलमध्ये दाखल झाले. ब्रिटन हे कोणी चळवळे नव्हते. कायदा आहे, तो पाळायचा, आणि शाळा नीट चालवायची, एवढीच त्यांची भूमिका. पहिल्या दिवशी फार काही घडलंही नाही. पण जॉन कॅस्पर नावाचा सव्वीस वर्षांचा माणूस बाहेरून आला, लोकांना याविरुद्ध भडकवत दारोदार फिरला, आणि आठवड्याभरात जमाव इतका वाढला की राज्यपालांना नॅशनल गार्ड आणि रणगाडे पाठवावे लागले. शाळेत कृष्णवर्णीय मुलांना कोणी त्रास देऊ नये म्हणून फुटबॉल संघातली गोरी मुलं व्हरांड्यांत लक्ष ठेवत होती. ब्रिटन यांच्या घरचा फोन रात्री-अपरात्री वाजत होता. 4 डिसेंबरला पॉल टर्नर हे गोरे धर्मोपदेशक कृष्णवर्णीय मुलांना टेकडीवरून शाळेपर्यंत पोचवून परतत होते, तेव्हा भर रस्त्यात त्यांना मारहाण झाली. ब्रिटन यांनी त्या दिवशी शाळा बंद केली. योगायोग असा, की त्याच दिवशी गावात निवडणूक होती आणि वर्णभेदवाद्यांचे उमेदवार पडले. दहा तारखेला शाळा पुन्हा उघडली. 1957 च्या मेमध्ये त्या बारांपैकी बॉबी केन हायस्कूल पूर्ण करून बाहेर पडला. आणि ब्रिटन ती शाळा सोडून गेले.

मुख्याध्यापकांनी धैर्य दाखवावं असं सगळे म्हणतात. त्यांच्या घरचा फोन रात्री कोण उचलणार, हे कोणी विचारत नाही. ज्या गावाला आपला मुख्याध्यापक टिकावा असं वाटतं त्या गावाने आळीपाळीने त्याच्या ओट्यावर जाऊन बसायला हवं.

1958 च्या 5 ऑक्टोबरला, रविवारी पहाटे, क्लिंटन हायस्कूल डायनामाइटने उडवलं गेलं. आत कोणी नव्हतं म्हणून जीवितहानी झाली नाही. शेजारच्या ओक रिज गावात एक प्राथमिक शाळा रिकामी पडलेली होती. लोकांनी ती थोड्याच दिवसांत झाडूनपुसून तयार केली. आणि क्लिंटनची मुलं बसगाड्यांतून तिथे उतरली तेव्हा ओक रिजच्या शाळेचा बँड बाहेर उभा होता. तो क्लिंटनचं शाळागीत वाजवत होता. दुसऱ्या शाळेचं गाणं बँडला काही आपोआप येत नाही. कोणीतरी त्याची सुरावट मिळवली असेल, कोणीतरी मुलांना बसवून त्याचा सराव करून घेतला असेल. हा प्रसंग मी वाचते तेव्हा प्रत्येक वेळी थांबते.

आमच्या भिंतीचा गिलावा नंतर खरवडून काढला आणि नव्याने केला. तो नववीतला मुलगा परत आला. मी त्याच्या घरी तीनदा गेले, चौथ्या वेळी त्याने दार उघडलं. दहावी होऊन बाहेर पडला, त्या लोकांबरोबर तो किती काळ राहिला ते मला समजलं नाही.

ती मुलगी माझ्याशी छान बोलायची. मैदानावर मी बोलले त्या दिवशी तिचे वडील संध्याकाळी येऊन भेटून गेले, काही न बोलता हात जोडले. नळाच्या ओळीला दोन नवे नळ बसवले, ते समोरच्या बाजूला, मोकळ्या जागेत. सगळी मुलं तिथे गर्दी करायची. तिच्या दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात मात्र पाण्याची बाटली असायची. वार्षिक परीक्षेच्या शेवटच्या पेपरलाही होती.